लाकडाआधीचा वास

नजीरभाई गेल्याचं मला टेंभुर्णीत कळलं. पुण्याहून परत येत होतो, चौकाच्या अलीकडे चहाला थांबलो होतो आणि सनाचा फोन आला. सना म्हणजे त्यांची मुलगी, शाळेत विज्ञान शिकवते. आवाज अगदी शांत होता तिचा. म्हणाली, "काका, अब्बा गेले. सकाळी नमाज पढून उठले आणि तिथंच बसले... असरच्या नमाजानंतर, पाचच्या सुमारास मिट्टी आहे." दुपारचे दोन वाजत होते. तिथून सोलापूर दीड तास. मी सहज पोहोचलो असतो.

पोहोचलो नाही. मोडनिंबच्या पुढे एका लिंबाखाली गाडी लावली आणि तीन तास नुसता बसून राहिलो. कब्रस्तानात शेवटी प्रत्येक जण मुठीने माती देतो. त्या वेळी माणसं मनातल्या मनात म्हणतात, काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा. मला ते म्हणायचं होतं आणि म्हणता येणार नव्हतं, कारण कशाची माफी ते त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळं आटोपल्यावर मी त्यांच्या घरी पोहोचलो आणि सनाला सांगितलं, गाडी बंद पडली होती. ते खोटं होतं. हा लेख खरं सांगण्यासाठी लिहितो आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

शहराबाहेरच्या एका छोट्या डिस्टिलरीत आम्ही वीस-बावीस वर्षं बरोबर होतो. मी कोठाराचा आणि विक्रीचा माणूस, ते प्रयोगशाळेचे. माझ्याहून सात वर्षांनी मोठे. मी त्यांना अहो-जाहो करायचो, ते मला शिवा म्हणायचे. विजापूर वेशीत त्यांच्या वडिलांचं अत्तराचं दुकान होतं, अजून आहे. वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला हात हातात घेऊन सांगायचे की यात स्पिरिटचा एक थेंबही नाही, बेशक लावा आणि नमाजाला जा. आणि त्यांचाच मुलगा बी.एस्सी. होऊन स्पिरिटच्या कारखान्यात नोकरीला लागला. वडील वर्षभर त्यांच्याशी बोलले नव्हते. नजीरभाई हे हसत सांगायचे. "अब्बा 'स्पिरिट नाही' म्हणून माल विकतात, मी 'स्पिरिट किती' ते मोजून पगार घेतो. घर एकच, धंदे दोन."

या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नाही. कारखान्यात नवा माणूस आला की त्याला हे खरं वाटत नसे. पण त्यांचं सगळं काम नाकाचं होतं आणि ते नाक अत्तराच्या दुकानात, वडिलांच्या मांडीवर तयार झालेलं होतं. नमुन्याचे दोन थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे आणि थांबायचे. लोकांना वाटायचं आता हुंगतील. ते हुंगत नसत. आधी स्पिरिट उडून जाऊ द्यायचं, मग हातावर जे मागे उरतं त्याचा वास घ्यायचा. जाणारा काय बोलतो ते ऐकू नये, मागे राहणाऱ्याला विचारावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मळीच्या साध्या स्पिरिटमध्येही ते सांगायचे की या वेळी मळी जळकी आली आहे, किंवा पिंपाचं पाणी बदललं आहे. आणि तपासलं की तसंच निघायचं. मशीनच्या आधी त्यांचा तळहात सांगायचा, आणि आमचे मालक मशीनपेक्षा तळहातावर जास्त विश्वास ठेवायचे.

साथीच्या आजाराच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. मालकांच्या परदेशातल्या एका नातेवाइकाने टकीलाच्या तीन बाटल्या आणल्या. मला टकीला म्हणजे पार्टीत मीठ-लिंबू चाटून घशाखाली ढकलायची चीज एवढंच माहीत. तीन बाटल्यांमध्ये एक पाण्यासारखी स्वच्छ, एक फिकट गवती रंगाची आणि एक मधासारखी. मी मालकांसमोर ज्ञान पाजळलं की ही पांढरी म्हणजे कच्ची, स्वस्तातली, आणि ही मधाच्या रंगाची खरी. जुनं ते सोनं. नजीरभाईंनी तिन्ही बाटल्या उचलून नेल्या. दुपारी मला प्रयोगशाळेत बोलावलं, तीन काचेची भांडी मांडून ठेवली होती. स्वतःच्या हातावर एक-एक लावून झालं, मग माझ्या हातावर लावलं आणि मला समजावून सांगायला बसले.

तेव्हा कळलं की तिन्ही एकाच झाडाच्या. आपल्या बांधावरच्या घायपाताचा तिकडचा निळसर भाऊबंद. पानं छाटून मधला मोठा गाभा काढायचा, तो भाजून किंवा वाफेवर शिजवायचा, रस आंबवायचा आणि दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. इथपर्यंत तिघींचा रस्ता एक. मग पांढरी आहे ती तशीच, किंवा फार तर दोन महिन्यांच्या आत बाटलीत जाते. मधली ओकच्या पिंपात दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत राहते, तिकडच्या भाषेत तिला विसावलेली म्हणतात. आणि तिसरी वर्षापासून तीन वर्षांपर्यंत, तिच्यापुढेही एक असते, अजून जुनी. रंग सगळा लाकडाचा, झाडाचा रंग नसतोच. बाजारात आणखी एक सोनेरी मिळते, तिच्यात पुष्कळदा लाकूडही नसतं, जळक्या साखरेचा रंग असतो. तिचं नाव निघालं की नजीरभाई फक्त भुवई उडवत.

"पहिलीत झाड एकटंच बोलतंय," ते म्हणाले. "दुसरीत झाड आणि लाकूड गप्पा मारतायत. तिसरीत लाकूड बोलतंय, झाड कोपऱ्यात बसून हुंकार देतंय. तिन्ही चांगल्या, शिवा. पण झाड कसं होतं, विचारायचं असेल तर पहिलीलाच विचारावं लागेल."

मी तरीही म्हणालो की कच्चं ते कच्चं. तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, हुरडा कच्चा असतो म्हणून तू खात नाहीस का? थंडीत मंद्रूपला हुरड्याला जातोस, आणि वर्षभर त्याच ज्वारीची कडक भाकरी खातोस. हुरडा ही काही अर्धवट राहिलेली भाकरी नाही. मला ते पटलं. आणि तेव्हा मला वास येत होता, म्हणून हेही सांगतो की पहिल्या बाटलीत उकडलेल्या रताळ्याचा गोडवा होता, वर मिरीचा झटका होता आणि खाली ओल्या दगडासारखं काही होतं. तिसरीत दालचिनी, गूळ आणि नव्या कपाटाचा वास. त्या दुपारी मला पहिली जास्त आवडली हे मी त्यांना सांगितलं, तर ते असे खूश झाले, जणू मी त्यांच्याच गावचा निघालो.

त्यानंतर त्यांच्या डोक्यात घायपात शिरला तो शिरलाच. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर मला मागे बसवून मंद्रूपच्या पलीकडे जायचे. तिथे म्हाळप्पा नावाचा मेंढरं राखणारा शेतकरी होता, त्याच्या माळावर बांधाला घायपाताची लांबच लांब रांग. त्याच्या आज्याने दोर वळायला लावलेली. दोराचं काम संपलं तरी झाडं राहिली. ही झाडं दहा-दहा वर्षं नुसती बसून गोडवा साठवतात, मग एक दिवस मधून खांबासारखा फुलोरा निघतो आणि सगळा गोडवा त्यात जाऊन झाड मरतं. त्या आधी गाभा काढला पाहिजे. नजीरभाई उन्हात एकेका झाडापाशी उकिडवे बसून मधलं पान बोटांनी दाबून पाहायचे. म्हाळप्पाला या सगळ्याची फार गंमत वाटायची. तो म्हणायचा, "सायेब, ह्याला मेंढरंबी तोंड लावत न्हाईत. आन तुमी ह्याची दारू करनार, ती बी तुमी पिनार न्हाई. मग हाय कुनासाठी?" नजीरभाई म्हणायचे, वास घेणाऱ्यासाठी. म्हाळप्पा माझ्याकडे बघून म्हणायचा, लई शिकल्याला मानूस हाय की.

मालक तयार झाले, पण मधे साथ आली. दुसऱ्या लाटेत मी पंधरा दिवस दवाखान्यात होतो. नजीरभाई रोज फाटकाबाहेर येऊन उभे राहायचे, वॉचमनकडे डबा द्यायचे. मी वाचलो. सगळं परत आलं, वास आला नाही. आधी वाटलं येईल. डॉक्टर म्हणाले येईल. सहा महिने गेले, वर्ष गेलं. चहा म्हणजे गरम पाणी, भाकरी म्हणजे काहीतरी चावायचं. बायकोला सांगितलं, कारखान्यात कोणाला सांगितलं नाही. सांगायला काय हरकत होती? आज विचारलं तर काहीच नव्हती. पण तेव्हा मला नुकतंच विक्रीचा मुख्य केलं होतं. गिऱ्हाइकांसमोर पेला नाकाशी धरून दोन शब्द बोलणं हे माझं कामच होतं, आणि ते शब्द मला पाठ होते. मी ते बोलत राहिलो. कोणाला कळलं नाही... नजीरभाईंनाही नाही. बहुधा त्यांच्या मनातच आलं नाही की त्या दुपारी तीन भांड्यांतून पहिली निवडणारा माणूस वासाबद्दल खोटं बोलेल.

पहिला घाणा निघाला तो थंडीत. म्हाळप्पाच्या बांधावरचे गाभे, दोन दिवस वाफेवर शिजवलेले. नजीरभाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं की ही टकीला नव्हे आणि तसं कोणी म्हणायचंही नाही. ते नाव तिकडच्या मुलखाचं आणि तिकडच्या झाडाचं, आपलं झाड वेगळं, आपली माती वेगळी. बाटलीवर सरळ लिहू, घायपाताची, सोलापूर. नळीतून आलेला पहिला चांगला भाग त्यांनी हातावर घेतला, चोळला, आणि बराच वेळ हात चेहऱ्यावरून काढलेच नाहीत. मग मला म्हणाले, "बघ." मी बघितलं. म्हणजे दोन थेंब घेऊन हात नाकाशी नेला आणि मान डोलावली.

मालकांना पांढरी विकली जाईल असं वाटत नव्हतं. त्यांचंही मत माझ्या जुन्या मतासारखंच, रंग हवा. शेवटी ठरलं असं की अर्धी ओकच्या छोट्या पिंपांत घालायची, अर्धी स्टीलच्या टाकीत तशीच ठेवायची. पिंपातली चांगली निघाली तर दोन्ही बाजारात आणू, पांढरीसुद्धा. नजीरभाईंना पांढरीसाठी एवढं पुरेसं होतं. पिंपं माझ्या कोठारात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, किल्ली माझ्याकडे. नजीरभाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की तिकडची वर्षं इकडे चालत नाहीत. थंड तळघरात जे लाकूड वर्षभरात देतं ते आपल्या मार्च-एप्रिलात पत्र्याखाली काही आठवड्यांत देऊन मोकळं होतं. छोटं पिंप असेल तर आणखी लवकर. त्यामुळे दिवस मोजायचे नाहीत, वास मोजायचा. झाडाचा वास मागे सरायला लागला की त्या दिवशी काढायची.

आणि त्या वर्षी रमजान नेमका त्याच उन्हात आला. नजीरभाईंचा एक नियम होता, कोणी घालून दिलेला नव्हता, त्यांचा स्वतःचाच. रमजानच्या महिन्यात ते स्पिरिटचा वास मुद्दाम घेत नसत. कामावर यायचे, बॉयलर, पाणी, कागदपत्रं बघायचे, पण नमुना हातावर घ्यायचे नाहीत. अकरा महिने नाक नोकरीचं, एक महिना माझं, असं म्हणायचे. कारखान्यात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि मालकांसकट कोणी कधी त्याला हरकत घेतली नव्हती. एरवी त्या महिन्यात एक जुने सहायक त्यांचं काम बघायचे, ते आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. म्हणून नजीरभाई माझ्याकडे आले. दर चार दिवसांनी पिंप उघडून वास घे आणि मला फक्त एवढं सांग, रताळं पुढे आहे की लाकूड. जमेल ना? म्हणाले, तुझ्याशिवाय तो वास इथे कोणाला माहीत नाही.

त्या वेळी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, जमेल की.

दर चार दिवसांनी मी शेडमध्ये जायचो, बूच काढायचो, हातावर थेंब घ्यायचो, चोळायचो, थांबायचो. सगळं त्यांच्यासारखं. मग रंग बघायचो. रंग अजून फिकट आहे, म्हणजे झाड पुढे असणार, असा माझा हिशेब. रंगावर जाऊ नको हे त्यांनी मला दहा वेळा सांगितलेलं. संध्याकाळी इफ्तारच्या आधी ते फाटकापाशी भेटायचे, ओठ सुकलेले, विचारायचे. मी म्हणायचो, रताळं पुढे आहे. एकदा त्यांनी काचेतून रंग पाहिला आणि म्हणाले, रंग बराच चढलाय रे, नक्की ना? मी म्हणालो, नक्की. तुम्ही रंगावर जाऊ नका. त्यांचंच वाक्य त्यांना परत दिलं. ते हसले होते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पिंप उघडलं. मी शेजारी उभा होतो. हात चोळले, थांबले, आणि नाकाशी नेण्याआधीच त्यांना कळलं असावं, कारण हात अर्ध्यावर थांबले. मग म्हणाले, "काढा झालाय. लाकडाचा काढा." दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. मग मला विचारलं, शेवटचा वास कधी घेतलास? मी म्हणालो, चार दिवसांपूर्वी. रताळं होतं? होतं. त्यांनी मान हलवली. एवढंच. त्या मान हलवण्यात संशय असता तर मला बरं वाटलं असतं.

मालकांसमोर ते एकटे गेले. बाहेर मला काचेतून दिसत होतं, ते उभे होते आणि मालक बोलत होते. नंतर कळलं की त्यांनी सांगितलं, देखरेख माझी होती, माझं काम मी दुसऱ्यावर टाकलं, चूक माझी. दुसरा कोण ते सांगितलं नाही. मालकांचा मुळातच अर्धा असलेला उत्साह तिथे संपला. पिंपातलं आणि टाकीतलं सगळं मोठ्या टाकीत, मळीच्या स्पिरिटमध्ये सोडायचा हुकूम झाला. टाकीतल्या पांढरीत काहीही दोष नव्हता. दहा-दहा वर्षं बांधावर उभी असलेली ती झाडं... नजीरभाईंनी झडप स्वतः उघडली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. सहा महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला आणि वडिलांच्या दुकानात जाऊन बसले. मला पुढच्याच वर्षी बढती मिळाली.

त्यानंतरची तीन वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिलो. ते गादीवर बसलेले, मी समोर. ते पाऊस-पाण्याचं, सनाच्या शाळेचं बोलायचे, मनगटाला अत्तर लावायचे. कारखान्याबद्दल वाईट शब्द कधी काढला नाही. कामगार मुलांच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन यायचे, त्यांना नजीरभाई न विचारता अत्तराची कुपी द्यायचे. म्हाळप्पा बाजाराला आला की मुद्दाम वाट वाकडी करून यायचा आणि दुकानात बसून मेंढराचा वास जाईपर्यंत अत्तर लावून घ्यायचा. प्रत्येक वेळी मी ठरवून जायचो की आज सांगायचं. प्रत्येक वेळी गिऱ्हाईक यायचं. खरं म्हणजे गिऱ्हाईक नसायचंही कधीकधी.

चाळिसावा दिवस झाल्यावर सनाने बोलावलं. दुकान आता ती आणि भाभी, म्हणजे नजीरभाईंच्या पत्नी, मिळून बघतात. मागच्या खोलीत बसलो. भाभी खाली बसून छोट्या कुप्या भरत होत्या. सनाने कपाटातून एक बाटली काढली, प्रयोगशाळेतली, काचेच्या बुचाची, वर मेण लावलेलं. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यांच्या तिरप्या अक्षरात: घायपात, पहिला घाणा, टाकीतली. भाभी मान वर न करता म्हणाल्या, "ये चीज दुकान में रखने की है क्या? शिवाभाई, जाताना तुमीच घेऊन जावा. नक्को मेरेकू." सना म्हणाली, "अम्मी, वास घेतल्याने काय होतं? अब्बा घ्यायचेच की." तिने मेण खरवडलं, दोन थेंब स्वतःच्या हातावर घेतले आणि दोन माझ्या.

"काका, ही पिंपात घालायच्या आधीची ना? अब्बा म्हणायचे, हा वास दोघांनाच माहीत आहे. मला आणि शिवाला."

मी हात चोळले. गार लागलं, मग ते गारपण उडून गेलं. मी हात नाकाशी नेला. काही नाही. दोघी माझ्याकडे बघत होत्या. 'हो, तीच' म्हणालो असतो तर काम झालं असतं. तो चेहरा, ती मान, सगळं मला येत होतं.

"मला वास येत नाही, बेटा," मी म्हणालो. "पाच वर्षं झाली. कशाचाच येत नाही."

मग सगळं सांगितलं. दवाखान्यापासून ईदच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, मोडनिंबच्या लिंबाखालचंही. सना ऐकत होती. भाभींचा हात थांबला होता, कुपी तशीच उघडी. माझं संपलं. मग भाभी म्हणाल्या, "म्हणजे रोज्याचं काही नव्हतं?"

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं ते मी आजवर ऐकलेलं नव्हतं. त्या ईदनंतर नजीरभाई घरी येऊन म्हणाले होते की अल्लाने दाखवून दिलं. अकरा महिने दारूचं काम करायचं आणि एक महिना नाक धरून बसायचं, हा दिखावा होता, म्हणून त्याच महिन्यात माल बिघडला. वडील बरोबर म्हणत होते. नोकरी सोडली ती त्यासाठी. "तीन रमजान हा माणूस रडला," भाभी म्हणाल्या. "मी म्हणायची, अहो, तुमच्या रोज्यात काय खोट? तर म्हणायचे, तुला नाही कळणार."

मी इतकी वर्षं समजत होतो की मी त्यांची एक टाकी दारू वाया घालवली, फार तर नोकरी घालवली. मला माहीतच नव्हतं की मी त्यांच्या कशाला हात लावला होता. मी म्हणालो, भाभी, माफ करा. त्या म्हणाल्या, "मी कशी करू? माझं काय घेतलं तुमी? ज्यांचं घेतलं ते गेले." आवाज चढला नव्हता. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पेपरात लिहिता ना कधीमधी? मग हे लिहा. आमच्या मोहल्ल्यात मराठी पेपर येतो. त्यांचा रोजा बरोबर होता, एवढं लिहा."

तर लिहितो. नजीरभाईंचा रोजा बरोबर होता. त्या महिन्यात कारखान्यात एकच माणूस खोटं वागला, आणि तो मी. ते जे म्हणत होते ते सगळं खरं होतं, झाडाबद्दल, लाकडाबद्दल, आपल्या उन्हाबद्दल. त्यांच्या हाताखाली तयार झालेली ती पांढरी मी पाहिली, पण ती काय होती हे मला कधीच कळलं नाही. म्हणून त्या दिवशी मी सनाला म्हणालो, मला सांग ना, काय येतंय?

तिने हात पुन्हा चेहऱ्याशी नेले. डोळे मिटले. घाई केली नाही. "गोड आहे काहीतरी. उसाच्या फडात शिरल्यासारखं... मग तिखट. कच्च्या पपईचा चीक असतो ना, तसं." थांबली. पुन्हा वास घेतला. "आणि मागे अजून एक आहे, पण ते काय आहे मला ओळखता येत नाही, काका."

ओळखता येत नाही, हे किती सहज म्हणाली ती. भाभी उठल्या, तिच्या हातातून बाटली घेतली. मला वाटलं, माझ्या पिशवीत घालतील, म्हणून मी पिशवी पुढे केली. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. काचेचं बूच दाबून बसवलं, ओढणीने बाटली पुसली, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला आणि ती कपाटात, खस आणि मातीच्या अत्तराच्या मधे ठेवून दिली.